कॅन्टीनमध्ये अण्णांना फोन लावायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे होते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी २० मिनिटांच्या सेमिनारसाठी मी ४२ स्लाइड केल्या होत्या. निम्म्यावर यायच्या आतच वेळ संपली. तुम्ही शेजारच्या लॅबमधल्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी संपवून संशोधन करणाऱ्या; माझ्या कामाशी तुमचा संबंधही नव्हता. पाषाणच्या त्या कॅन्टीनमध्ये चहा पुढे सरकवत म्हणालात, "लॅपटॉप मिट. हेच घरी फोन करून सांग. आत्ता."

अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्नरला कांदा, टोमॅटो करतात. मी अडखळत सांगितलं, "आपण स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं खत टाकतो ना, त्यातलं बरंचसं मातीत अडकून बसतं, पिकाला मिळतच नाही. काही जिवाणू आम्ल सोडून ते मोकळं करतात. मी त्यांच्यावर काम करते." अण्णा म्हणाले, "म्हणजे दुकानात मिळतं ते पीएसबी, स्फुरद मोकळं करणारं जिवाणू खतच ना? पण आपल्या रानात ते जगतं का?"

माझ्या ४२ स्लाइडमध्ये हा प्रश्न कुठेच नव्हता. आज प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच आहे.

त्यानंतरच्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तुम्ही मला खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनात उभं केलंत. जिवाणू वाढवायच्या दुधाळ माध्यमावर, स्फुरद विरघळल्यामुळे वसाहतीभोवती पडलेलं पारदर्शक वलय दिवसभर दाखवून माझा घसा बसला. पण संध्याकाळपर्यंत कुठलं वाक्य लोकांपर्यंत पोचतं आणि कुठलं नाही, हे मला कळलं होतं.

बाकीचंही तुमच्याकडूनच शिकले. शोधनिबंधावर समीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहायचं नाही. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली उत्तर आणि बदल केलेल्या ओळीचा क्रमांक. गाइडशी बोलणं झालं की काय ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करायचं. या एका सवयीने माझे किती गैरसमज टळले! आणि कंपनीसाठीचा बायोडेटा दोन पानांत, त्यातही नुसती तंत्रांची नावं नकोत, त्यांतून काय सोडवलं ते लिहायचं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अध्यापनाचं, लेखनाचं प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. ते हवंच. पण स्वतःचे प्रयोग अर्धवट असताना, रात्री आठला दुसऱ्याच्या विद्यार्थिनीचा मसुदा तिसऱ्यांदा वाचायला बसणं कुठल्या नियमात बसतं, ताई? तुम्ही बसलात. एकदा नाही, चार वर्षं.

पुढच्या महिन्यात माझा ओपन व्हायवा, म्हणजे प्रबंधाची सर्वांसमोरची तोंडी परीक्षा आहे. तारीख कळवतेच. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवणार आहे, एक तुमची, एक अण्णांची. त्यांचा प्रश्न तयार आहे म्हणे.

तुमची,
शेजारच्या लॅबमधली