दातांच्या डागांबद्दल, सोनूला

प्रिय सोनू,

पोरी दातांवरून चिडवतात म्हणून तू कोळशानं दात घासायला लागलीस, हे फोनवर ऐकलं. तो कोळसा आधी फेकून दे. तुझे तपकिरी डाग वरून लागलेले नाहीत गं. दात हिरडीच्या आत तयार होत होते, तेव्हाच ते पडले. आपल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराईड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी आठ वर्षांच्या आतलं मूल रोज पीत राहिलं, की असे डाग पडतात. यवतमाळ जिल्ह्यात अशी किती गावं आहेत! कोळशानं, राखुंडीनं डाग जात नाहीत, वरचं कवच मात्र झिजतं आणि मग गार पाण्यानंही कळ येते. मिश्रीचं तर नावच काढू नको, तो भाजलेला तंबाखूच. आजी काय वाट्टेल ते सांगो.

डाग म्हणजे कीड नव्हे. मला काळजी आहे ती तुझ्या खालच्या डाव्या दाढेची, दिवाळीत काळी दिसली ती. ही दाढ सहाव्या वर्षीच येते, म्हणून लोक तिला दुधाची समजून सोडून देतात. ती पक्की असते, गेली की दुसरी येत नाही. आत्ता खड्डा लहान असेल तर एका बैठकीत भरून होईल. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली, तर ठणका सुरू होतो आणि खर्चही वाढतो. आणि ती पाच रुपयांची बिस्किटं दिवसभर चघळत बसू नको. खायचीच तर जेवणाबरोबर खा. सुपारीची पुडी तर हातातही धरू नको.

फ्लोराईडनंच डाग पडले, तर फ्लोराईडची पेस्ट कशाला, हा तुझा प्रश्न झकास होता. आलेल्या दाताला ते बाहेरून लागलं तर कीड अडते. पोटात जायला नको, म्हणून थुंकून टाकायचं. झोपायच्या आधीचं घासणं चुकवू नको.

धाकट्या गोलूला तरी असे डाग पडू नयेत, म्हणून बाबा आता विहिरीचं तपासलेलं पाणी आणतात. उकळून फ्लोराईड जात नाही, हे शेजारच्या काकूंना अजून पटत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांना तपासणारं सरकारी पथक शाळेत आलं, की तोंड मिटून उभी राहू नको, दाढ दाखव. अठरापर्यंत तपासणी फुकट असते, पुढं पाठवायचं तर चिठ्ठीही तेच देतात. डागांवर दाताच्या रंगाचा लेप बसवता येतो, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात विचारू. पण आधी दाढ.

शनिवारी बाबा येतील, गृहपालबाईंना सुट्टीचं सांगून ठेव.

तुझी,
आई