ताई, गच्चीवरचा आठ पूर्ण झाला

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, धाकटा सध्या काय वाचतोय?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मुलांना घरी शिकवणारे बरेच आईबाप या दिवसांत 'नव्या वर्षात नवीन काय करायचं' या विचारात असतात. तुमच्या चार गोष्टी त्यांच्याही कामी येतील.

आम्ही तुमच्याकडे आलो होतो वेळापत्रक मागायला. तुमची दोन्ही मुलं घरी शिकून मोठी झालेली, त्यामुळे तुमच्या कपाटात एखादं तयार वेळापत्रक असणारच, अशी आमची समजूत. तुम्ही मात्र भिंतीवरचं कॅलेंडर काढून आमच्या मोठीच्या पुढ्यात ठेवलंत. "कुठल्याही महिन्यात तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ तारखांभोवती चौकोन काढ आणि मला फक्त मधली तारीख सांग." ती म्हणाली, पंधरा. तुम्ही लगेच म्हणालात, बेरीज एकशे पस्तीस. तिनं बोटं मोडत खात्री केली, दुसरा चौकोन काढला, मग तिसरा. मधल्या तारखेला ९ नं गुणायचं, हे तिला घरी जाताना वाटेत सुचलं. वरची तारीख सातनं कमी, खालची सातनं जास्त, म्हणजे फिटंफाट, हे तिचं स्पष्टीकरण. पुढे तिनं सोळा तारखांचा चौकोन घेतला. त्याला मधली तारीखच नसते! तिथे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी तारीख मिळवून ८ नं गुणलं की झालं, हे तिचं तिनं शोधलं. मला आधी माहीत नव्हतं, खरंच.

त्या दिवशी निघताना तुम्ही म्हणालात, "वर्षभर पुरेल असं एकच काम जानेवारीत सुरू करा. मुलांना करायला लावू नका, तुम्ही करा. येतात का बघा." आणि काम सुचवलंत सावलीचं.

गच्चीवर मीटरभर उंचीची सळई सिमेंट भरलेल्या डब्यात उभी केली. डबा जागचा हलू नये म्हणून त्याच्याभोवती खुणा केल्या. दर रविवारी घड्याळात बरोबर बारा वाजता सावलीच्या टोकाशी ऑइलपेंटचा ठिपका आणि शेजारी तारीख. सुरुवातीला मी एकटाच जायचो. मुलं खालून विचारायची, झालं का? मग एकदा मोठी वर आली, ठिपक्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही वेळ चुकवताय." कारण ठिपके सळईकडे सरकत होते तसेच बाजूलाही जात होते. तिचा बापाच्या घड्याळावरचा विश्वास उडाला. पुढच्या रविवारी मोबाइल घेऊन तीच हजर. त्या दिवसापासून रंगाचा डबा तिच्या ताब्यात.

वर्षभरात फरशीवर लांबुडका इंग्रजी आठ उमटला. ढगाळ रविवारांच्या जागा मोकळ्या आहेत, पण आकार स्पष्ट दिसतो. एप्रिलच्या मध्याला आणि ऑगस्टच्या अखेरीला ठिपके जवळजवळ एकाच जागी येऊन पडले तेव्हा धाकट्यानं आरडाओरडा केला होता. मग 'असं का' याच्या मागे लागणं आलंच. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आणि कक्षा किंचित लंबगोल, त्यामुळे सूर्य आपल्या घड्याळाशी जुळवून चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. मोठीचा राग तेव्हा कुठे उतरला. बाबा निर्दोष सुटले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैत १५ कोटी २१ लाखांवर. 'मग जानेवारीत थंडी का?' यावर आमच्याकडे टॉर्च आणि चेंडू घेऊन दोन संध्याकाळी वाद झाला. इतकं भूगोल-विज्ञान मी शाळेतसुद्धा शिकलो नव्हतो.

बाकीचं थोडक्यात. विजेच्या मीटरची नोंद धाकट्याकडे दिली, तीही तुमचीच सूचना. १० वॅटचा दिवा शंभर तास जळला की एक युनिट, आणि १५०० वॅटचा गीझर तेच चाळीस मिनिटांत संपवतो, हे गणित त्याला कळलं. तेव्हापासून आंघोळीला गेलेल्या माणसाची धडगत नाही. शनिवारी संध्याकाळी मुलं शिकवतात आणि आम्ही शिकतो. गृहपाठ मिळतो, तपासलाही जातो. आजोबांची मुलाखत रेकॉर्ड करून उतरवून काढण्याचं काम मात्र अर्धवट पडलंय. आजोबा प्रत्येक वेळी गोष्ट बदलतात.

एका बाबतीत तुम्ही अजिबात ऐकून घेतलं नाहीत, ते बरं केलंत. गणिताचा सरावही खेळातून करावा, असं माझ्या डोक्यात होतं. "पाढे ते पाढे. रोज अर्धा तास बसायचं, त्यात गंमत शोधायची नाही." आज मोठी मनातल्या मनात चौकोनांच्या बेरजा करते ती त्या कंटाळवाण्या अर्ध्या तासाच्या जोरावर. घरी शिकणं म्हणजे रोज उत्सव, असा प्रचार करणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

आणि तो एक आठवडा. घरात दोघं आजारी, मुलं सैरभैर, त्यात नातेवाइकांचं 'पुढे यांचं कसं होणार' सुरू. तुम्ही न सांगता आलात, मुलांना दुसऱ्या खोलीत नेलंत आणि दुपारभर मोठ्यानं वाचून दाखवलंत. आम्ही झोपलो. उठलो तेव्हा तुमचा आवाज बसला होता आणि धाकटा 'अजून एक प्रकरण' म्हणून हटून बसला होता. उपदेशाचा एक शब्द नाही, 'मी सांगितलं होतं' नाही. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

यंदाचं वर्षभराचं काम चंद्र. तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, या वाक्यावर धाकट्याचा विश्वास नाही. 'सरासरी म्हणजे रोज नाही ना?' असं म्हणून त्यानं स्वतःची वही आखली आहे. त्याची शंका रास्त आहे, कारण हा फरक दिवसागणिक बराच कमीजास्त होतो. वहीत ते दिसेलच. मी या वेळी नुसता सोबतीला.

आणखी एक. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात, 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'. १९९८ पासून सुरू आहे. किमान १५ मिनिटं एका जागी बसायचं, दिसतील ते पक्षी ओळखून मोजायचे आणि नोंद पाठवायची. आम्ही चौघं गच्चीवर बसणार आहोत. तुम्हीही या. दुर्बीण मात्र तुमची तुम्ही आणा, आमच्या दुर्बिणीवर धाकट्यानं आधीच हक्क सांगितलाय.

तुमचा,
शनिवारच्या वर्गातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी