यंदा नागपूरच्या मारबतीला पाहुणे येणार आहेत

कोलोन, जर्मनी
19 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही "हव, हव" म्हणता तेव्हा अर्धंच ऐकू आलेलं असतं, हे मला समजतं. कान दाखवायचं तुम्ही दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलता, म्हणून शेवटी मीच कागद घेऊन बसले. पुण्यात उतरले की पोस्टात टाकीन. आई, बाबांच्या हाती देण्याआधी तू वाचणारच आहेस, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर पहिले देते.

जर्मनीला जाताना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कशाला पाहिजे, असं तू विचारत होतीस. इथल्या कार्निव्हलचा एक जुना वेश आहे. पायघोळ अंगरखा आणि विजार, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत रंगीत कापडाचे तुकडे एकावर एक टाचलेले. चालायला लागलं की सगळं फडफडतं. तू गोधडीला जसे तुकडे जमवून ठेवतेस तशी चिंगीच्या सासूबाईंची एक पेटीच आहे. तुझ्या हिरव्या इरकलीचा काठ त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर लावला, आणि बाकीचे तुकडे चिंगीच्या अंगावर. तुझ्या लग्नातल्या शालूचा फाटका पदर मात्र त्यांनी हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि परत घडी करून मला दिला. याला कात्री लावणार नाही म्हणाल्या. तो परत आणते आहे.

या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. गुडघे बाबांसारखेच. त्यांच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे, कारण या पत्राचं खरं काम त्यांच्याशी आहे.

आता कार्निव्हल. कागदोपत्री तो 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी सुरू होतो. मग हिवाळाभर सभागृहांत कार्यक्रम चालतात. रस्त्यावरचा दंगा मात्र फेब्रुवारी-मार्चमधल्या एका गुरुवारी सुरू होतो आणि पुढच्या मंगळवारी मध्यरात्री संपतो. तारीख दरवर्षी सरकते. बाबा, हे तुमच्यासाठी: ईस्टरची तारीख ठरते वसंतातल्या पौर्णिमेवरून, आणि मोठ्या मिरवणुकीचा सोमवार ईस्टरच्या बरोबर 48 दिवस आधी येतो. म्हणजे पौर्णिमेच्या मागे साधारण दीड महिना गेलात की आलीच अमावास्या. यंदा रविवारी महाशिवरात्र, सोमवारी इथली मिरवणूक आणि मंगळवारी अमावास्या. मी चिंगीच्या नवऱ्याला हे कालनिर्णय उघडून दाखवलं. तो इंजिनिअर आहे, त्याने लगेच मागच्या काही वर्षांच्या तारखा ताडून पाहिल्या आणि नंतर दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

पहिला गुरुवार बायकांचा. गावातल्या जुन्या बाजारचौकात 11 वाजून 11 मिनिटांनी आरोळी होते आणि त्या दिवशी नगरपालिकेची सत्ता बायकांकडे जाते. म्हणजे लटकीच, पण सगळे ती मानतात. बायका कात्र्या घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय अर्ध्यातून कापतात. त्याने रागवायचं नाही. बदल्यात गालावर एक पापी मिळते. जावईबापू, म्हणजे चिंगीचा नवरा, त्या दिवसासाठी कपाटातला सर्वांत भंगार टाय राखून ठेवतात. सासूबाईंनी नोकरीत असताना आपल्या साहेबांचे टाय कापले, ते तुकडे अजून त्यांच्याकडे आहेत. आई, मला तुझ्या शाळेतले ते हेडसर आठवले, रजेच्या अर्जावर सही करायला आठवडा लावणारे. तुला एक गुरुवार मिळाला असता तर!

खरं सांगायचं तर मला गुरुवार फारसा आवडला नाही. दुपारनंतर विद्यापीठाच्या बाजूला गेलो तर कॉलेजची पोट्टी रस्त्यावर पिऊन पडलेली, आणि नुसती ढकलाढकली. इथली बीअर जेमतेम 200 मिलीच्या सडपातळ पेल्यात देतात. पेला रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. बास करायचं असेल तर तो पुठ्ठा पेल्यावर झाकायचा. (बाबा, मी लवकर झाकला. चिंगीला विचारा हवं तर.)

रविवार मात्र फार आवडला. त्या दिवशी शाळांची आणि मोहल्ल्यांची मिरवणूक असते. मोठ्या सोमवारच्या मिरवणुकीत पैसा आहे, कंपन्या आहेत, तिकिटं काढून बसायच्या खुर्च्या आहेत. रविवारी शाळेतले मास्तर पोरांसोबत चालतात आणि वेश घरच्या मशीनवर शिवलेले असतात. एका शाळेची सगळी पोरं पोस्टाच्या पेट्या होऊन आली होती, खोक्यांना पिवळा रंग मारून. तान्ह्या पोळ्याला आपल्या गल्लीत लाकडी बैल सजवून पोट्टे दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतात ना, तसाच त्यांचा चेहरा होता, आपणच सर्वांत भारी सजलो असा. माझा महाशिवरात्रीचा उपास होता. चिंगीने साबुदाण्याची खिचडी करून डब्यात दिली होती, ती मी त्या फडफडत्या वेशात फुटपाथवर उभी राहून खाल्ली. शेजारच्या आजोबांनी चव मागितली. त्यांना वाटलं मोती शिजवलेत.

सोमवारी सकाळीच जुन्या वेशीजवळ जाऊन जागा धरली. कोलोनमध्ये ही मिरवणूक पहिल्यांदा निघाली 1823 साली. गाव तेव्हा प्रशियाच्या राज्यात होतं, त्याआधी फ्रेंचांच्या ताब्यात. परक्या सैन्याच्या शिस्तीची लोकांना चीड होती, पण उघड बोलायची सोय नव्हती. मग लाल-पांढऱ्या गणवेशातली खोट्या शिपायांची एक पलटण उभी राहिली, आणि ती आजही चालते. हातात लाकडी बंदुका, त्यांच्या नळीत फुलं. मध्येच हुकूम होतो आणि हे पन्नाशी-साठीचे पोटवाले शिपाई दोघादोघांनी पाठीला पाठ लावून, वाकून, एकमेकांच्या ढुंगणाला ढुंगण घासत नाचतात. भर रस्त्यात, गंभीर चेहऱ्याने! सैन्याची याहून जास्त थट्टा कोणी करू शकत असेल असं मला वाटत नाही.

आणि मग चित्ररथ. राजकारण्यांचे दोन-दोन माणसांच्या उंचीचे पुतळे, कागदाच्या लगद्याचे, कोणी उघडं, कोणी चिखलात बसलेलं. जर्मनीतले तर होतेच, बाहेरच्या देशांतल्यांनाही सोडलं नव्हतं. मी चिंगीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "बडगे!"

तिथून गोष्ट सुरू झाली. जावईबापूंना बडगे म्हणजे काय ते सांगावं लागलं, की ज्याचा राग येतो त्याचे मिरवणुकीत फिरवायचे पुतळे. मग मारबत सांगावी लागली. वरून गोळ्या-चॉकलेटं पडत होती (या एका दिवशी सुमारे 300 टन मिठाई उधळतात, लोक छत्र्या उलट्या धरून झेलतात), बँड वाजत होते, आणि आम्ही दोघी ओरडून ओरडून सांगत होतो की आमच्या नागपुरातही आहे हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते, जागनाथ बुधवारीतून पिवळी. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, तिथे पाय ठेवायला जागा नसते. मागे बडगे, त्यांच्यावर महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, ज्याचा राग आलेला असेल तो विषय. सगळी मिरवणूक ओरडत जाते, ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत. आणि शेवटी जाळून टाकायची. भोसल्यांच्या बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून तिचा राग लोकांनी काळ्या मारबतीवर काढला, असं बाबा सांगायचे तेही मी सांगितलं. सासूबाई शेजारी फोल्डिंगच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्या रात्री तू नुबेल बघायलाच पाहिजेस."

नुबेल म्हणजे गवताचा माणूस. जुना शर्ट, जुनी पँट, टोपी. गुरुवारपासून दारूच्या गुत्त्यांच्या दरवाजावर तो टांगलेला असतो, मी रोज त्याच्या खालून जात होते आणि मला ती नुसती सजावट वाटली होती. मंगळवारी मध्यरात्रीच्या आधी त्याला खाली उतरवतात. मेणबत्त्या घेऊन त्याची अंत्ययात्रा निघते, लोक खोटे हुंदके देतात. एक जण पाद्र्याचा झगा घालून आरोपपत्र वाचतो, गावठी कोलोनी बोलीत. आपले सगळे पैसे पिण्यात गेले, दोष कोणाचा? सगळे ओरडतात, नुबेलचा! बायकोशी भांडण झालं, कोणामुळे? नुबेलमुळे! गावचा फुटबॉल संघ हरला? नुबेल! मग त्याला पेटवतात. बुधवारी सकाळी धार्मिक लोक चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रॉस लावून घेतात, घरोघरी मासे खातात, आणि ईस्टरपर्यंतचा संयमाचा काळ सुरू होतो.

आग पाहताना मी तोंडातल्या तोंडात "घेऊन जा गे" म्हटलं. अगदी सवयीने. चिंगी रडायला लागली. तिला नागपूर सोडून बरीच वर्षं झाली आहेत आणि ती कधी असं बोलून दाखवत नाही, तिच्या आईला सांगू नकोस.

तरी एक फरक मला राहून राहून जाणवतो. नुबेलवर लोक स्वतःच्या खोड्या लादतात आणि हसून मोकळे होतात. आपण मारबतीवर साथ, दुष्काळ, सरकार लादतो, आणि आपल्या ओरडण्यात खरा राग असतो. मला विचाराल तर आपलं जास्त अस्सल. इथे सुरक्षा आहे, फिरते संडास आहेत, मिरवणुकीमागे झाडूवाल्या गाड्यांची रांग लगेच येते (हे मात्र आपण शिकायला पाहिजे), पण इतवारीच्या बोळात डफ वाजायला लागल्यावर छातीत जे होतं ते मला इथे झालं नाही.

तर आता काम. चिंगी, जावईबापू आणि सासूबाई तिघं पोळ्याला नागपूरला येणार आहेत. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, तीनेक दिवसांनी गणपती. पुणेकरांची सगळी आरक्षणं त्याच सुमाराला, म्हणून माझी सुट्टी मी आत्ताच टाकते आहे. चिंगीच्या आईचं घर महालात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून सासूबाई आपल्याकडे राहतील. आई, घाबरू नकोस. त्यांना पलंग आणि कमोड एवढंच लागतं. पुरणपोळी त्यांना नक्की आवडेल, कटाची आमटी जरा सौम्य कर. सावजी फक्त जावईबापूंना, आणि तेही त्यांनी स्वतः हट्ट धरला तरच.

बाबा, तुमच्याकडे मुख्य काम आहे. पाच-सहा वर्षं तुम्ही मारबतीला गेला नाहीत. आता गर्दी सोसत नाही, टीव्हीवर दाखवतात सगळं, असं म्हणता. मला लहानपणी खांद्यावर बसवून काळ्या मारबतीसमोर नेणारे तुम्ही. मी भीतीने तुमचे केस ओढायची. मी सासूबाईंना विचारलं की या वयात तुम्ही रस्त्यावर येता कशा? त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. मिरवणूक यायच्या दोन तास आधी पोचायचं, भिंतीला पाठ लागेल अशी जागा बघायची, फोल्डिंगची खुर्ची, थर्मास, एक तरुण माणूस पुढे उभा करायचा धक्के खायला, आणि मिरवणुकीचा शेवट पाहायचा मोह सोडून मध्येच निघून यायचं. संडास कुठे आहे ते आधीच पाहून ठेवायचं. बस. तुमच्या इतवारीतल्या दुकानदार मित्राचा ओटा रस्त्याला लागूनच आहे ना? त्यांना आत्ताच सांगून ठेवा. दोन खुर्च्या मावल्या पाहिजेत, एक त्यांची, एक तुमची. पुढे धक्के खायला जावईबापू उभे राहतील, चांगले सहा फूट आहेत. कोणती मारबत त्या ओट्यावरून आधी दिसते, काळी की पिवळी, आणि किती वाजता, तेही विचारून कळवा. सासूबाई वेळेच्या बाबतीत जर्मनच आहेत.

आणि कान. त्या इंग्रजी बोलतात, पण हळू आवाजात. तुम्हाला दोघांना तासभर शेजारी बसायचं आहे, बांकाबाईची गोष्ट तुम्हीच सांगायची आहे, आणि त्या मध्ये मध्ये प्रश्न विचारणारच. तेव्हा डॉक्टरांची वेळ या आठवड्यात घ्या. आई, घेतली की नाही ते मला मेसेज कर, त्यांना विचारून नको, चिठ्ठी बघून.

धाकट्याला सांग, माळ्यावरचा त्याचा लाकडी बैल काढून चाकं बघून ठेवायची आहेत. सासूबाईंना तान्हा पोळाही पाहायचा आहे.

बाकी भेटीअंती.

तुमची,
ताई

ता. क. बुंदीच्या लाडवाचा डबा इथे पोचल्या दिवशीच संपला. जावईबापूंनी खाल्ले, माझा काही संबंध नाही.