मिठाच्या पाण्यापासून सुरुवात

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चि. मृणाल नववीत गेली, विज्ञानाच्या पुस्तकात रसायनाची आणि जीवशास्त्राची प्रकरणे आलटून पालटून येतात आणि त्यात तिची त्रेधा उडते. तेव्हा आधी कोणते हाती घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर दोन्ही एकदम घ्यावीत, आणि तीही स्वयंपाकघरातल्या मिठापासून. पेशीची आकृती काढून तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी संकुल ही नावे घोकून घेतली की मुलांना गुण मिळतात, हे खरे. पण पेशीत पाणी आत का शिरते आणि बाहेर का पडते असे विचारले की तीच मुले गप्प बसतात, कारण त्याचे उत्तर रसायनाच्या प्रकरणात असते आणि ते प्रकरण परीक्षा संपताच मिटून ठेवलेले असते.

मिठात सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन दिलेला असतो व क्लोरीनच्या अणूने तो घेतलेला असतो, म्हणून एक धन आयन आणि एक ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले दोन कण, तयार होतात. पाण्यात मीठ विरघळले की हे दोन्ही आयन सुटे होतात. साखरेचे तसे नाही. तिचा रेणू पाण्यात अख्खाच राहतो. हा फरक तिला सावकाश कळू दे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मग एक बटाटा घ्या. त्याच्या बोटाएवढ्या फोडी करून काही साध्या पाण्यात आणि काही दोन-तीन चमचे मीठ घातलेल्या पेलाभर पाण्यात ठेवा. दोनेक तासांनी मिठातली फोड हातात घेतली की ती लिबलिबीत लागते आणि न मोडता वाकते. साध्या पाण्यातली ताठ असते व वाकवू गेले तर कडकन मोडते. पेशीचे पटल पाण्याला सहज वाट देते, विरघळलेल्या कणांना मात्र तितक्या सहज देत नाही. त्यामुळे जिकडे असे कण जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच पुस्तकात परासरण म्हटले आहे. व्याख्या पाठ करायची ती फोड हातात घेतल्यानंतर. लोणच्यात मीठ सढळ हाताने का घालतात, हेही तिला इथेच विचार. बुरशीच्या आणि जिवाणूंच्या पेशींतले पाणी त्याच नियमाने बाहेर ओढले जाते.

आता मोलकडे, म्हणजे कण मोजण्याच्या एककाकडे, ये. हे प्रकरण मुलांना रुक्ष वाटते आणि शिकवणीतही ते सूत्रे देऊन उरकले जाते, याचा मला मनापासून राग येतो. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे छापलेले असते, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या बाटलीवर ५ टक्के, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम. वजनात एवढी तफावत असून दोन्ही द्रावणे शिरेतून देताना तांबड्या पेशींना सोसतात, ते कसे? मृणालला आकडेमोड करायला लाव. मिठाच्या एका मोलचे वस्तुमान ५८.५ ग्रॅम, म्हणून ९ ग्रॅम म्हणजे सुमारे ०.१५४ मोल, आणि प्रत्येक जोडीचे दोन आयन होत असल्याने कण झाले सुमारे ०.३१ मोल. ग्लुकोजच्या एका मोलचे वस्तुमान १८० ग्रॅम, म्हणून ५० ग्रॅम म्हणजे सुमारे ०.२८ मोल, आणि त्याचे रेणू फुटत नाहीत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात, कारण पटलाला कणांच्या संख्येशी कर्तव्य असते, वजनाशी नाही. कण मोजता यावेत म्हणूनच तर मोल, आणि एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. शिरेत नुसते शुद्ध पाणी सोडले तर ते तांबड्या पेशींत शिरून त्या फुगतात आणि फुटतात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सलाइनच्या जवळजवळ चौपट. आमच्या ठाणे खाडीत पावसाळ्यात ते बरेच कमी होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढतात, तरी काठावरची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, बारमाही हिरवी असतात. तिवराची मुळे बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. जे आत येते त्यातले बरेचसे पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकले जाते. शिवाय त्याच्या पेशींतला रस खाडीच्या पाण्याहूनही संहत, म्हणजे जास्त कणांचा, असतो, म्हणून पाणी उलट बाहेर न जाता आतच येते. बटाट्याची फोड ज्या नियमाने मऊ पडली, त्याच नियमाने हे झाड ताठ राहते.

दिवाळीच्या सुटीत मृणालला घेऊन इकडे ये. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे बारीक स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. भिंग असेल तर आणखी बरे. पाऊस पडून गेला असेल तर मात्र पाने धुतलेली मिळतील, म्हणून निघण्याआधी मला विचार. आम्ल आणि आम्लारीविषयी पुढच्या पत्रात लिहीन. तोवर मोलची गणिते तिने स्वतः करावीत, तू करून देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, चि. मृणालला आशीर्वाद.

तुझा,
सदा