गोणपाटाची बाहुली

महाल, नागपूर
तान्ह्या पोळ्याची रात्र

चि. रेणू,

अनेक आशीर्वाद. मंगळवारी तुला लॅबमध्ये चक्कर आली, हे तुझ्या रूमवरच्या पोरीच्या फोनवरून कळलं. तू सांगितलं नाहीस. असो. रागावणार नाही, असं आईला कबूल केलंय.

तू पेन ड्राइव्हमध्ये ठेवलेली 'नाइन' ही बाहुल्यांची फिल्म काल टीव्हीला लावून पाहिली. ७९ मिनिटं. इंग्रजी कळत नाही, पण सुरुवातीलाच दोन हात सुईनं गोणपाट शिवताना दिसले आणि मी हातातली तुरपाई खाली ठेवली. बाहुलीच्या पोटावर चेन! गोणपाटाला चेन बसवणं सोपं नसतं गं, धागे निसटतात, आधी कडेनं पट्टी घ्यावी लागते. त्यानं घेतली का ते दिसलं नाही. आई म्हणाली, "जग बुडालं अन् तुम्ही चेन काहून पाहता?"

जग बुडालंच होतं. यंत्रं माणसांवर उलटली, विषारी वायूनं झाडून सगळे मेले, आणि मागे राहिल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या नऊ बाहुल्या. प्रत्येकीत त्यानं आपल्या जिवाचा एकेक तुकडा घातला. नववा डोळे उघडतो तेव्हा म्हातारा शेजारी मरून पडलेला. मला ते बरं नाही वाटलं. कामात जीव ओता, असं मीच कारागिरांना सांगतो. पण एवढा?

रात्री झोपतेस ना?

तो ६ नंबरचा, बोटांना निबा असलेला, शाईनं बरबटून एकच आकृती पुन्हा पुन्हा काढत बसतो. त्याला पाहून आम्ही दोघांनी एकदमच तुझं नाव घेतलं. पाच वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला तू माझ्या डब्यातल्या बटनांचे डोळे लावले होतेस, आणि फेविकॉल सांडला होता गिऱ्हाइकाच्या सफारीच्या कापडावर. त्याला मी काय सांगितलं ते आजवर कुणाला माहीत नाही. बैल अजून काउंटरवर आहे. एक डोळा गेलाय. "माझ्या पोरीनं केला," असं विचारल्याशिवायच सांगतो.

तूच म्हणाली होतीस, दिग्दर्शकानं ही गोष्ट शिकत असतानाच आधी छोटी करून पाहिली, त्यात साडेचार वर्षं गेली. २००५ ची ती, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली, मग २००९ मध्ये मोठा सिनेमा. तेव्हा मी मनात फीचा हिशेब करत होतो. आता दुसराच करतोय. साडेचार वर्षं कुणी जागून काढत नाही. तो मधे झोपत असणार, जेवत असणार. डोळ्यांचं काम करणाऱ्यानं दर तासाला उठावं, लांब बघावं, उपाशीपोटी चहा घेऊ नये, आणि शरीर एकदा...

पुरे. पुन्हा सुरू झालो. माफ कर. दादाच्या वेळीही मी असंच बोलत सुटलो होतो, आणि जे विचारायचं ते राहूनच गेलं.

आज मारबतीच्या मिरवणुकीला गेलो होतो. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे समोरासमोर आले तेव्हा अंगावर माणूस पडत होतं. सगळे ओरडतात तसा मीही ओरडलो, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि हळूच म्हटलं, पोरीची चक्कर पण. शेजारच्यानं वळून पाहिलं. पाहू दे.

तुला मॉडेलसाठी गोणपाट हवं होतं ना? दोन पोती आणून, धुऊन गच्चीवर टाकलीत. विण बारीक आहे, चेन धरेल. कडेची पट्टी मी लावून देतो, माप कळव. फोन दहाच्या आत कर. नंतर केलास तर कळेल मला, तू जागीच आहेस. तरी उचलीन.

तुझे,
बाबा