कर्नलमध्ये काय घालायचे, ते आधी मोजा

मा. संपादक,

गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरू लागले की नेटवर्किंगमध्ये एक कल्पना हमखास पुढे येते : नवा प्रोटोकॉल (संगणकांनी आपसांत डेटा देण्याघेण्याचे नियम) थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बसवू, म्हणजे तो वेगाने चालेल. मार्गदर्शकांनी ती तपासल्याशिवाय मान्य करू नये, म्हणून हे पत्र.

आधी वेगाचाच हिशेब मांडू. १०० एमबीपीएसच्या घरगुती फायबरवरून १५०० बाइटची पॅकेट (डेटाचे तुकडे) सेकंदाला सुमारे ८ हजार जातात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला १२० मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ येतो. ते कर्नलमधून बाहेरच्या प्रोग्रामकडे नेऊन परत आणायला एवढा वेळ पुरून उरतो. १० जीबीपीएसच्या लाइनवर ६४ बाइटची पॅकेट आली, तर मात्र प्रत्येकाला जेमतेम ६७ नॅनोसेकंद मिळतात आणि एक सिस्टिम कॉलसुद्धा (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागणे) परवडत नाही. आपली अडचण यांपैकी कुठली, हे लिनक्सच्या ‘पर्फ’ या मापन-साधनाने मोजल्याशिवाय कळत नाही. पुष्कळदा वेळ खातो तो खुद्द एन्क्रिप्शनचा कोड किंवा मेमरीतली नको तितकी नक्कल. तोच कोड उचलून कर्नलमध्ये ठेवला तरी तो तेवढाच वेळ खाणार.

वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलला कर्नलमध्ये जागा मिळाली ती रास्त होती. व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी मार्गात) प्रत्येक पॅकेट एन्क्रिप्ट करावे लागते. ‘टन’ या आभासी नेटवर्क उपकरणामार्गे प्रत्येकाला कर्नलबाहेर हेलपाटा घालायला लावणे महाग पडते. शिवाय कोड सुमारे ४ हजार ओळींचा, एकट्या माणसाला वाचून तपासता येईल असा. तरीही २०१८ मध्ये मांडलेला हा कोड मार्च २०२० च्या लिनक्स ५.६ आवृत्तीत आला. सोबत आणलेल्या स्वतंत्र क्रिप्टो (एन्क्रिप्शनच्या) लायब्ररीवर आक्षेप आले, आणि कर्नलमधल्या क्रिप्टो व्यवस्थेशी जुळवून घेतल्यावर वाट मोकळी झाली. ही दिरंगाई नव्हे, अशीच छाननी व्हायला हवी. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वायरगार्डचा पहिला कोड २०२१ मध्ये १३.० आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधीच दर्जाच्या कारणावरून काढून टाकावा लागला; नव्याने लिहिलेला कोड १३.२ मध्ये आला.

उलट उदाहरण डीसीसीपी या डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचे. हा प्रोटोकॉल २००५ मध्ये कर्नलमध्ये आला, वापरणारे फारसे मिळाले नाहीत. २०१७ मध्ये त्यात एकच मेमरी दोनदा मुक्त करण्याची चूक सापडली; ती दहा वर्षांहून अधिक काळ तिथे होती. साध्या वापरकर्त्याने डीसीसीपीचे सॉकेट (जोडणीचे टोक) मागितले की लिनक्सच्या अनेक वितरणांत त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोड) आपोआप लोड व्हायचे आणि त्या चुकीतून थेट रूटचे (मशीनवरचे सर्वोच्च) अधिकार मिळवता यायचे. डीसीसीपीचे नावही न ऐकलेल्यांचे सर्व्हर उघडे पडले ते यामुळे. कोड कर्नलमधून निघाला २०२५ मध्ये.

दुरुस्ती पोहोचते कशी, हे आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. वाळपईच्या दुकानातला किंवा काणकोणच्या होमस्टेमधला राउटर एकदा बसवला की त्याचे फर्मवेअर सहसा कोणी बदलत नाही. त्याच्या कर्नलमधली चूक राउटर भंगारात जाईपर्यंत राहते. वेबपाने आणणारा क्विक प्रोटोकॉल ब्राउझरमध्येच असल्यामुळे तो ब्राउझरबरोबर अद्ययावत होतो. त्यातले कर्नलने उचलले ते नेमके : यूडीपीचा (क्विक ज्यावर चालतो त्या साध्या प्रोटोकॉलचा) ६४ केबीपर्यंतचा डेटा एकाच कॉलमध्ये घ्यायचा आणि त्याची पॅकेट खालच्या थरात करायची. २०१८ च्या लिनक्स ४.१८ आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि ती यूडीपी वापरणाऱ्या कोणालाही उपयोगी पडते. अशी विभागणी आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते.

विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते दोन ठिकाणी. पॅकेट घेण्याचे काम सॉफ्ट-इंटरप्टमध्ये (कर्नलने न थांबता उरकायच्या कामांत) चालते, तिथे थांबता येत नाही. म्यूटेक्स (वाट पाहायला लावणारे कुलूप) घेतला किंवा साधी जीएफपी-कर्नल मेमरी (जिच्यासाठी थांबावे लागू शकते अशी) मागितली, तर हलक्या चाचणीत सगळे सुरळीत दिसते आणि ताण येताच मशीन कोसळते. दुसरे ठिकाण प्रत्येक पॅकेटसोबत फिरणाऱ्या ‘एसके-बफ’ या माहितीच्या नोंदीचे : त्यात एक फील्ड वाढवले की त्याचा भार ते फील्ड न वापरणाऱ्यांच्या पॅकेटवरही पडतो. आणि बाहेरच्या प्रोग्रामांसाठी दिलेला इंटरफेस एकदा प्रसिद्ध झाला की मोडता येत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन गेले तरी तो कोणाला तरी सांभाळावाच लागतो.

म्हणून प्रकल्प-परीक्षकांना विनंती आहे. प्रोटोकॉल आधी युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रामसारखा) लिहून घ्यावा. नेटवर्क नेमस्पेसच्या (एकाच मशीनवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या) दोन टोकांत ‘आयपर्फ’ ही वेगचाचणी चालवून ‘पर्फ’चा अहवाल मागावा. वेळ खरोखर कर्नलच्या सीमेवरच जात असेल, तर एक्सडीपीचा (पॅकेट येताच ते हाताळू देणाऱ्या सोयीचा) छोटा ईबीपीएफ प्रोग्राम (बाहेरून कर्नलमध्ये घालता येणारा कोड) पुरतो का ते पाहावे. तो चालण्याआधी कर्नलचा व्हेरिफायर तपासतो. त्यानेही भागले नाही तरच मॉड्यूल, तेही लॉकडेप आणि केॲसॅन (कुलपांच्या व मेमरीच्या चुका पकडणारी साधने) चालू ठेवून व्हर्च्युअल मशीनमध्ये. गुण देताना या मोजमापाला कोडइतकेच वजन द्यावे.

— नेटवर्क क्षेत्रातील दोन अभियंते, फोंडा