उत्तर देता येईल असा प्रश्न

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विज्ञानाच्या चर्चेत नव्याने येणारे बरेच जण उत्साहाने प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळत नाही म्हणून लवकरच गप्प होतात. याचे फार वाईट वाटते, कारण जिज्ञासा खरी असते. प्रश्नात पुरेशी माहिती मात्र नसते.

'लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण ९.६ आले, सूत्र चुकीचे आहे का?' एवढ्यावर जाणकारही अंदाजच बांधणार. तेच असे विचारून पाहा: 'दोरा ९८ सेंटिमीटर, गोळ्याचा व्यास ४ सेंटिमीटर, २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले, सूत्रात लांबी ९८ घातली.' आता चूक वाचता वाचताच सापडते. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. त्रिज्येचे २ सेंटिमीटर राहून गेले. १०० घातले की अपेक्षित ९.८ येते. वीस आंदोलने मोजली हे मात्र उत्तम केले. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदांचा फरक सहज पडतो. एकाच आंदोलनावर तो १० टक्के होतो, विसांवर अर्धा टक्का; आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात ही चूक दुप्पट होते. लंबक किती अंशांतून सोडला तेही लिहावे. ६० अंशांतून सोडला, तर दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि साधे सूत्र लागू पडत नाही.

थोडक्यात, मापे एककांसह द्यावीत, गणिताच्या पायऱ्या दाखवाव्यात, एका वेळी एकच शंका विचारावी.

प्रस्थापित सिद्धांतच चुकीचा आहे, असे वाटत असेल तरी जरूर मांडावे. मात्र त्या सिद्धांताने आजवर बरोबर दिलेली उत्तरे आपल्या पद्धतीने आधी काढून दाखवावीत. बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक न्यूटनच्या नियमांनी सुटत नव्हता. १९१५मध्ये आइनस्टाइन यांनी नेमका तोच आकडा गणिताने काढून दाखवला. नव्या कल्पनेकडून अपेक्षा असते ती अशा आकड्याची. कोणी 'हे चूक आहे' म्हटले, तर 'कोणत्या पायरीवर?' असे विचारावे. उत्तर देणाऱ्यांनीही नवख्याला न हिणवता ती पायरी दाखवावी.

उत्तर मिळाल्यावर प्रयोग पुन्हा करून नवा आकडा त्याच चर्चेत कळवावा. तो जुळला नाही तरी कळवावा, कारण पुढचा शोध तिथूनच सुरू करता येतो.

आपला नम्र,
एक विज्ञानप्रेमी वाचक